अक्षता कुठं टाकायच्या?

परवा रात्री साडेनऊला इंदापूरहून ताईचा फोन आला. ताई फोन करते सकाळी, चहा झाल्यावर. रात्री आला की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

"तुझा भाचा लग्न करतोय. तू मामा आहेस, तूच सांग त्याला. तिकडंच उरकून घे म्हणावं."

लग्नाला तिची ना नाही, हे आधी सांगतो. भाचा टोरांटोत असतो. तो आणि त्याचा जोडीदार गेली सहा वर्षं एकत्र राहतात. पहिली दोन वर्षं ताई रडली. तिसऱ्या वर्षी तिकडं जाऊन दोन महिने राहून आली आणि येताना त्या दुसऱ्या पोराला पिठलं करायला शिकवून आली. आता ती 'आपली दोघं पोरं' असंच म्हणते, पण घरात. मंगल कार्यालयात, भावकीसमोर, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना नवरदेव, हे तिच्या घशाखाली उतरत नाही. आणि भाचा हटून बसलाय की लग्न इंदापुरातच होणार.

दोघांचीही बाजू खरी आहे, म्हणून गेले चार दिवस मी त्यावरच विचार करतोय.

ताईचं म्हणणं सरळ आहे. जिथं कायदा आहे तिथं लग्न करावं. कॅनडात 20 जुलै 2005 पासून देशभर दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं लग्न कायदेशीर आहे. आपल्याकडं 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं 377 कलमाच्या कचाट्यातून या माणसांना सोडवलं, पण ते गुन्ह्यापुरतं. लग्नाचा प्रश्न गेला तेव्हा 17 ऑक्टोबर 2023 ला पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा करायचा तर संसदेनं करावा, यावर पाचही जणांचं एकमत झालं. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे इंदापुरात कितीही थाटात लग्न लावलं तरी सरकारदप्तरी ते झालेलंच नसणार.

मधला मार्ग म्हणून आमच्या एका मित्रानं गोवा सुचवला. गंमत बघा, गोव्याचा कौटुंबिक कायदा पोर्तुगीजांच्या वेळचा. खुद्द पोर्तुगालनं 2010 मध्ये अशा लग्नांना मान्यता दिली. गोव्यात मात्र जुनंच चालू आहे. दुसरा म्हणाला, बँकॉक जवळ पडेल, थायलंडमध्ये जानेवारी 2025 पासून कायदा आहे. अरे, पण बँकॉकचा कागद घेऊन उतरायचं तर शेवटी पुण्यातच ना? आणि टोरांटोत घराजवळच कागद मिळत असताना बँकॉक कशाला? शिवाय परक्या देशात जाऊन लग्न करणं सोपं, मोडायची वेळ आली तर अवघड. कॅनडात जाऊन लग्न केलेल्या बाहेरच्या जोडप्यांना तिथं घटस्फोटच मिळेना, कारण त्यासाठी तिथं एक वर्ष राहायची अट होती. शेवटी त्यांना 2013 मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

आता भाच्याची बाजू. तो म्हणाला, "मामा, कागद इथं करणारच आहे. पण आजी इथं येणार आहे का?"

आमची आई 86 वर्षांची. बारामतीहून इंदापूरला जायचं तर भवानीनगरला गाडी थांबवून पाय मोकळे करावे लागतात. ती कसली टोरांटोला जाते! व्हिसा, विमानाचं भाडं, ऊसतोडीचे दिवस... इथून चार माणसं जातील फार तर. ज्या लग्नात आजी नाही, आत्या नाही, शेजारच्या काकू नाहीत, त्याला तो लग्न म्हणायला तयार नाही. नोंदणी म्हणतो.

आणि हे काही पहिल्यांदा होत नाहीये. अमेरिकेत राहणाऱ्या यवतमाळच्या एका मुलानं 30 डिसेंबर 2017 ला व्हिएतनामी जोडीदाराशी यवतमाळातच सोहळा केला. 377 तेव्हा जागेवर होतं! 2021 च्या डिसेंबरात नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी घरच्यांसमोर अंगठ्या घातल्या.

त्याही मागं जायचं तर आपल्याच जिल्ह्यातलं ओतूर आठवा. 1880 च्या दशकात तिथल्या एका पाटलांनी सत्यशोधक पद्धतीनं, भटजीशिवाय घरातली लग्नं लावली. दक्षिणा बुडाली म्हणून त्यांच्यावर दावा झाला, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं आणि पाटील जिंकले. तो प्रश्न वेगळा होता, मान्य. पण लग्न आधी लागलं, निकाल नंतर आला, एवढं मी त्यातून घेतो.

माझं मत असं. कागद आणि अक्षता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडं वर्षानुवर्षं अक्षता आधी पडल्या, नोंदणी सवडीनं झाली किंवा झालीच नाही, तरी कुणी त्या संसाराला खोटं म्हटलं नाही. मग या पोरांच्या वेळीच 'कायदा नाही' हे कारण का पुढं करायचं? कायदा अडवत नाही. दोन माणसांना हार घालणं गुन्हा नाही. अडवते ती भावकी, आणि ताई, खरं सांग, भावकीचं नाव पुढं करून आपणच.

पण भाच्यालाही एक सांगितलं. अक्षतांनी दवाखान्यातल्या फॉर्मवर सही करता येत नाही. टोरांटोचा कागद इथं चालणार नाही, म्हणून दोघांनी मृत्युपत्र करावं, बँकेत नॉमिनी लावावा. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारनं स्पष्ट केलंय की संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला यात अडचण नाही. एवढीच फट उघडी आहे, तर तेवढी तरी वापरा.

काल बारामतीत आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला समजवायला वेळ लागेल. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोराला मामा आहे का? नसला तर त्याच्या मागं कोण उभं राहणार?"

मी ताईला फोन करून हे जसंच्या तसं सांगितलं. पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "पालखी पुढं गेल्यावर बघू. आत्ता कार्यालयं मिळायची नाहीत."

'तिकडंच उरका' म्हणाली नाही. एवढं मला पुरेसं आहे.