विश्लेषण : डिझेल कार ॲव्हरेज जास्त देते, पण परवडते का? किनवट–नांदेड रस्त्यावरचा हिशेब

दारात नवी गाडी उभी राहिली की पेढा तोंडात टाकायच्या आधी एक प्रश्न हमखास येतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ किनवटमध्ये या प्रश्नाला जरा जास्तच वजन आहे. तेलंगणाच्या सीमेला लागून असलेले हे तालुक्याचे गाव नांदेडपासून सुमारे 140 किलोमीटर दूर आहे. मोठा दवाखाना असो, जिल्हाधिकारी कार्यालय असो की जिल्हा न्यायालय, जाऊन-येऊन 280 किलोमीटर होतातच. त्यामुळे ‘लांबचा प्रवास आहे, डिझेलच घ्या’ हा सल्ला इथे वर्षानुवर्षे दिला जातो. पण गेल्या दहा-बारा वर्षांत इंधनाचे दर, गाड्यांचे इंजिन आणि कर, तिन्ही बदलले. जुना सल्ला आजही लागू पडतो का?

डिझेल लिटरमागे जास्त का पळते?

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण इंधनातच आहे. डिझेल पेट्रोलपेक्षा घट्ट असते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण 740 ते 750 ग्रॅम भरते, तर एक लिटर डिझेलचे सुमारे 830 ग्रॅम. त्यामुळे एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण 10 ते 12 टक्के जास्त ऊर्जा असते.

दुसरे कारण इंजिनात आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. दाब जितका जास्त, तितके त्याच ऊर्जेतून जास्त काम निघते. शिवाय गाडी सावकाश चालत असताना पेट्रोल इंजिनाची हवेची वाट अर्धवट बंद असते आणि त्या अरुंद वाटेतून हवा ओढण्यात ताकद वाया जाते. डिझेलमध्ये हा तोटा जवळपास होत नाही.

एकाच गाडीत फरक किती?

तुलना एकाच मॉडेलची केली तर चित्र स्वच्छ दिसते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआयच्या प्रमाणित चाचणीनुसार टाटा अल्ट्रोझची 1.2 लिटर पेट्रोल गाडी लिटरमागे 19.33 किलोमीटर देते, तर 1.5 लिटर डिझेल गाडी 23.64 किलोमीटर. डिझेल 22 टक्क्यांनी पुढे आहे.

2018 च्या मारुती स्विफ्टमध्ये हा फरक आणखी मोठा होता. पेट्रोलला 22 आणि डिझेलला 28.40 किलोमीटर. मात्र 2024 मध्ये आलेल्या नव्या पेट्रोल स्विफ्टचा आकडा 24.80 वर गेला. म्हणजे जुनी डिझेल स्विफ्ट नव्या पेट्रोल स्विफ्टच्या जेमतेम 15 टक्के पुढे उरते आणि त्यातलाही बराचसा वाटा डिझेलच्या घट्टपणाचाच आहे. पेट्रोल इंजिनांनी मधल्या काळात बरीच मजल मारली आहे.

हे सगळे प्रयोगशाळेतले आकडे आहेत. खड्डे, एसी, मागच्या सीटवर तिघे आणि डिकीत सामान असताना रस्त्यावरचा ॲव्हरेज यापेक्षा कमीच येतो.

मग पूर्वी डिझेल इतके का परवडायचे?

त्याचे उत्तर पंपावरच्या दरात होते. जून 2010 मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, पण डिझेलचे दर ऑक्टोबर 2014 पर्यंत सरकारने दाबून धरले. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांवर गेले तेव्हा डिझेल 41 रुपयांच्या आसपास होते. लिटरमागे तब्बल 32 रुपयांचा फरक! त्या काळात देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या.

नियंत्रण उठल्यावर ही दरी बुजत गेली. जून 2020 मध्ये तर दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले. आज महाराष्ट्रात डिझेल स्वस्त दिसते ते मुख्यतः करामुळे. मुंबई परिसर सोडून उर्वरित राज्यात पेट्रोलवर 25 टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे 5.12 रुपये लागतात, डिझेलवर 21 टक्के व्हॅट लागतो.

त्यातच 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले. धूर स्वच्छ करण्याची यंत्रणा डिझेल गाडीत महाग पडते आणि छोट्या गाडीच्या किमतीत तो खर्च बसेना. मारुती सुझुकीने तेव्हाच डिझेल गाड्या बंद केल्या. ह्युंदाईच्या ग्रँड आय10 निऑस आणि आय20 मधूनही डिझेल गेले. 2025 मध्ये नव्या रूपात आलेली अल्ट्रोझ ही हॅचबॅकमधली एकमेव डिझेल गाडी उरली. नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट अशा छोट्या एसयूव्हींमध्ये मात्र डिझेलचा पर्याय टिकून आहे.

किनवट–नांदेडचा हिशेब काय सांगतो?

हिशेबासाठी पेट्रोल 106 रुपये आणि डिझेल 92 रुपये लिटर धरू. रस्त्यावरचा ॲव्हरेज पेट्रोल गाडीचा 16 आणि डिझेल गाडीचा 20 धरू.

- पेट्रोल : किलोमीटरला 6.62 रुपये
- डिझेल : किलोमीटरला 4.60 रुपये
- बचत : किलोमीटरला साधारण 2 रुपये

नांदेडच्या एका फेरीत, म्हणजे 280 किलोमीटरमागे, साडेपाचशे-पावणेसहाशे रुपये वाचतात. इथपर्यंत डिझेल जिंकते.

आता दुसरी बाजू. समजा पेट्रोल गाडीची शोरूम किंमत 7 लाख आणि तशाच डिझेल गाडीची 8 लाख 30 हजार आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरच्या आतील छोट्या गाड्यांना, पेट्रोल असो वा डिझेल, 18 टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी उपकरासह पेट्रोलला 29 आणि डिझेलला 31 टक्के लागत. पण राज्याच्या एकरकमी वाहन करातला भेद कायम आहे. 10 लाखांपर्यंतच्या खासगी गाडीला पेट्रोल असेल तर 11 टक्के, डिझेल असेल तर 13 टक्के. म्हणजे पेट्रोल गाडीला 77 हजार आणि डिझेल गाडीला सुमारे 1 लाख 8 हजार. सगळे मिळून डिझेल गाडी 1 लाख 61 हजारांनी महाग पडते.

किलोमीटरला 2 रुपये वाचवत हे पैसे वसूल करायला जवळपास 80 हजार किलोमीटर गाडी पळवावी लागते. गाडी कर्जावर असेल तर आणखी जास्त. साडेनऊ टक्के व्याजाने 5 वर्षांसाठी या वाढीव रकमेचाच हप्ता महिन्याला सुमारे 3,400 रुपये येतो. तेवढी बचत इंधनातून व्हायला महिन्याला साधारण 1,700 किलोमीटर, म्हणजेच नांदेडच्या सहा फेऱ्या व्हायला हव्यात.

महिन्यातून दोन-तीन वेळा नांदेडला जाणाऱ्या घराची गाडी वर्षाला 8 ते 10 हजार किलोमीटर चालते. त्या घराला डिझेलचे वाढीव पैसे वसूल व्हायला, व्याज न धरताही, 8 ते 10 वर्षे लागतील. कापूस-सोयाबीनच्या पैशावर हप्ता भरणाऱ्यासाठी हा फरक छोटा नाही. याउलट भाड्याने गाडी चालवणाऱ्याच्या आठवड्याला दोन फेऱ्या होत असतील, तर वर्षाला 29 हजार किलोमीटर होतात आणि पावणेतीन वर्षांत वाढीव किंमत निघते. भाड्याच्या गाडीचा कर वेगळा असला, तरी बचतीचे गणित तेच राहते.

गावातल्या गावात डिझेल चालवले तर?

इथे ॲव्हरेजपेक्षा वेगळी अडचण येते. बीएस-6 डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगाने चालावी लागते. नांदेड रस्त्यावर ते आपोआप होते. पण घर ते शाळा, घर ते बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतही नाही, फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी वर्कशॉपला न्यावी लागते. तिथला एक मोठा खर्च कित्येक महिन्यांची बचत खाऊन टाकतो.

ई20 पेट्रोलने चित्र बदलले का?

थोडे बदलले. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिलेल्या खुलाशानुसार, ई10 साठी बनवून ई20 साठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज 1 ते 2 टक्के, तर इतर गाड्यांचे 3 ते 6 टक्के घटू शकते. लिटरला 16 किलोमीटर देणारी जुनी गाडी 15 वर येऊ शकते. तेव्हा वरच्या हिशेबातली बचत किलोमीटरला अडीच रुपयांच्या जवळ जाते. वसुलीचे अंतर कमी होते, पण तरीही 60 हजार किलोमीटरच्या पुढेच राहते.

आदिलाबादला टाकी भरून फायदा आहे का?

नाही. तेलंगणात पेट्रोलवर 35.2 टक्के आणि डिझेलवर 27 टक्के व्हॅट आहे. दोन्ही दर महाराष्ट्रापेक्षा जास्त असल्याने सीमेपलीकडे इंधन महागच मिळते. तिकडे जाणे झालेच, तर टाकी किनवटला भरून निघालेले बरे.

‘डिझेल गाड्या बंद होणार’ या मेसेजचे काय?

असे मेसेज वरचेवर फिरतात. त्यामागे एक खरी गोष्ट आहे. मे 2023 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्या एका सल्लागार समितीने 10 लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत 2027 पर्यंत डिझेल चारचाकींवर बंदीची शिफारस केली होती. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, आणि तीही मोठ्या शहरांपुरतीच होती. 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांचा वाद दिल्ली परिसरातला आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी डिझेल असली तरी 15 वर्षांचीच असते आणि पुढे फिटनेस तपासून नूतनीकरण होते.

मग कोणी काय घ्यावे?

महिन्याला 1,700 किलोमीटरच्या पुढे आणि तेही बहुतेक लांबच्या रस्त्यावर गाडी पळत असेल, तर डिझेल आजही फायद्याचे. त्याहून कमी असेल तर पेट्रोल. सीएनजीचा किलोमीटरमागे खर्च कमी येतो, पण रोजच्या वाटेवर पंप आहे का आणि रांग किती असते, हे आधी पाहावे लागते.

शोरूममध्ये जाण्याआधी घरच्या जुन्या गाडीचे मीटर बघून वर्षाचे किलोमीटर काढणे हे सगळ्यात उपयोगाचे काम. गाडी नसेल तर गेल्या वर्षभरात नांदेडच्या किती फेऱ्या झाल्या, ते एका कागदावर मांडले तरी पुरे. ब्रोशरवरचा ॲव्हरेज सगळ्यांसाठी सारखाच असतो. गाडी परवडते की नाही, हे त्या कागदावरच्या आकड्यावरून ठरते.