मनी दूधच का पिते?

बोईसरला एनएसएसतर्फे एका अंगणवाडीत गोष्ट वाचायला गेले, तेव्हा बॅगेत एक चकचकीत पुस्तक होतं. मांजर, सोफा, बशीत दूध. दुसऱ्याच पानावर पुढे बसलेला चिमुरडा म्हणाला, ''ताई, ही बोंबील नाय खात?'' त्याची मांजर म्हणे बांबूवर वाळत टांगलेल्या बोंबलांखाली दिवसभर टपून बसते. मागच्या रांगेला तर चित्रच दिसत नव्हतं. पाच मिनिटांत निम्मी पोरं उठली. चूक पुस्तक निवडणारीची, म्हणजे माझी.

आपण निवडतो कसं? 'क्यूट' दिसलं, शेवटी तात्पर्य आहे, की घेतलं. तीस मुलांपुढे ते चालत नाही. मांडीवर घेऊन एकट्या मुलाला वाचायचं पुस्तक वेगळं, घोळक्यात धरायचं वेगळं. केविन हेंक्सचं 'किटन्स फर्स्ट फुल मून' (२००४) बघा: काळी-पांढरी चित्रं, जाड रेषा, पानभर पिल्लू. भिंतीजवळच्या पोरालाही दिसतं. त्यातही दूध आहेच, पण पिल्लू चंद्रालाच दुधाची वाटी समजतं, त्यामुळे हसू फुटतं. ब्रेंडन वेन्झेलच्या 'दे ऑल सॉ अ कॅट'मध्ये (२०१६) एकच मांजर कुत्र्याला वेगळी दिसते, उंदराला वेगळी. उंदराच्या पानावर पोरं किंचाळणार, हे धरूनच चाला. दोन्ही इंग्रजी आहेत, महागही. पण वाक्यं इतकी थोडी की आपल्या भाषेत सहज सांगता येतात. एमआयडीसीतल्या वर्गात तेच बरं. तिथे एकाची मांजर, दुसऱ्याची बिल्ली, तिसऱ्याची माऊ असते.

काळी मांजर आडवी गेली की अपशकुन, असली पुस्तकं मात्र बाजूलाच ठेवा. ते शिकवायला घरचे आहेत!

आणि पाड्यावर 'वाघाची मावशी' म्हणून बघा. ज्यांच्या घरी वाघोबाला पुजतात, त्या वारली मुलांना ही मावशी लाडकी मनी वाटत नाही, तिचा रुबाबच वेगळा.

हे काही माझं नवीन डोकं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये इथेच, बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ सोबत होत्या. पुढे ते कोसबाडला गेलं. परदेशी महागड्या साधनांऐवजी त्यांनी शिंपले, बिया, खडे घेतले, मुलांच्या अंगणातलेच. मग पुस्तकातली मांजर अंगणातली का नको?

प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५पासून मराठीसह कितीतरी भाषांतली चित्रपुस्तकं फुकट आहेत. भाषांतर करायलाही परवानगी आहे. आपल्या वर्गात वारली बोलणारे मित्र-मैत्रिणी आहेत, त्यांना कधी विचारलंय आपण?

आम्ही सध्या कार्डशीटवर त्या बोंबीलवाल्या मांजरीची गोष्ट काढतोय. आठ पानं, पानाला एकच वाक्य, चित्र हातभर. तिचं नाव काय ठेवायचं यावर ग्रुपमध्ये अजून भांडण चालू आहे.