लेखनिक हवा आहे

परीक्षा तोंडावर आली की कॉलेजच्या फळ्यावर आणि आता मोबाइलवरही एक निरोप फिरू लागतो, 'बी.ए.च्या अंध विद्यार्थ्यासाठी लेखनिक हवा.' लेखनिक सहसा परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला लागतो. तुमची बारावीतली लेक विचारते, "आई, मी जाऊ का गं?" आणि आपण पटकन म्हणतो, "बिचाऱ्याचं वाईट वाटतं, पण तुझा अभ्यास?"

त्या विद्यार्थ्याच्या वर्गातली मुलंही काही वेगळी नसतात. केंद्राच्या २०१८च्या सूचनांत लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा ठरली, म्हणजे ३ तासांचा पेपर ४ तासांचा. लगेच कुजबुज सुरू, "याची काय बाई चंगळ!" अहो, एकदा डोळे मिटून शेजारणीकडून पुरणपोळ्या करवून घ्या. अंदाज तुमचा, हात तिचा. तासाभरात घाम फुटेल! प्रश्न ऐकायचा, उत्तर मनात जुळवायचं, सांगायचं, लिहिलेलं पुन्हा वाचून घ्यायचं. जादा वेळ त्यातच जातो.

बाकी आपली मुलं दुष्ट नाहीत हो. रस्ता ओलांडून देतील, 'कित्ती हुशार!' म्हणतील. पण सहल ठरली, की त्यालाच विचारायचं राहतं. आता २०१६च्या कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा आहेत (१९९५च्या कायद्यात ३ होत्या). तेव्हा आज ना उद्या असा मित्र तुमच्या घरी चहाला येईलच. त्याच्यादेखत मुलाला "याला साखर चालते का रे?" असं विचारू नका. त्याचं नाव घेऊन त्यालाच विचारा. कप कुठं ठेवला ते सांगा. दंड धरून ओढू नका. आपलं कोपर पुढं करा, तो ते धरून अर्धं पाऊल मागून चालेल. खोलीतून उठताना "मी आत जातेय" एवढं म्हणा, नाहीतर तो रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो. मुलं हे सगळं बघत असतात.

लेक लेखनिक म्हणून निघालीच, तर दोघांना आधी एकदा भेटू द्या. तिला त्याच्या बोलण्याच्या वेगाची सवय होईल. उत्तर सुचवायचं नाही, त्याची वाक्यं 'सुधारायची' नाहीत, हे बजावा. आणि पेपराच्या दिवशी डबा जरा मोठाच द्या, दोघांना पुरेल असा.