अष्टावक्रांचा वैद्य

वनपर्वांतील अष्टावक्राचें आख्यान आपल्या घरांतील वडील मंडळींस ठाऊक असेलच. गर्भांत असतांनाच पित्याच्या अध्ययनांतील दोष दाखविला, म्हणून कहोडानें शाप दिला आणि मूल आठ ठिकाणीं वांकडें जन्मास आलें. पुढें जनकाच्या सभेंत त्यानें बंदीस वादांत जिंकलें, आणि पित्याच्याच सांगण्यावरून समंगा नदींत स्नान करितांच त्याचीं गात्रें सरळ झालीं. शाळेंत हें आख्यान मीं पुष्कळ वेळां सांगितलें. एके वर्षीं पाठीस पोंक असलेला एक मुलगा पहिल्याच बाकावर बसत असे. वर्गांतील पोरें त्याच्याकडे पाहून हंसलीं. मीं छडी आपटून त्यांस गप्प केलें खरें. परंतु दुसऱ्या दिवशीं त्या मुलानें मागील बाक धरिला, तो वर्ष सरेपर्यंत सोडिला नाहीं. बॉस्टन येथील डॉक्टर बकमिन्स्टर ब्राऊन यांचें चरित्र वाचतांना त्या बाकाची आठवण झाली, म्हणून या खेपेस त्यांच्याविषयीं लिहितों.

ब्राऊन यांचा जन्म १८१९ सालचा. घराणें वैद्यांचें. वडील जॉन बॉल ब्राऊन हे शस्त्रवैद्य. आईचे वडील जॉन वॉरन हे हार्वर्ड येथील वैद्यकशाळेच्या संस्थापकांपैकीं. आणि १८४६ च्या ऑक्टोबरांत रोग्यास ईथर हुंगवून जी प्रसिद्ध शस्त्रक्रिया झाली, ती करणारे जॉन कॉलिन्स वॉरन हे मामा. अशा घरांतील या मुलास बालपणींच पाठीच्या कण्याचा क्षय जडला. या रोगांत मणके झिजून खचतात, कणा पुढें वांकतो व पाठीवर पोंक येतें. इंग्लंडांतील पर्सिव्हल पॉट यांनीं त्याचें वर्णन १७७९ सालीं केलें. परंतु क्षयाचा जंतु कॉख यांनीं दाखविला तो १८८२ सालीं, आणि त्यावर गुणकारी औषधें निघालीं तीं विसाव्या शतकाच्या मध्यास. ब्राऊन यांच्या लहानपणीं मुख्य उपाय म्हणजे पडून राहणें. इतर मुलें अंगणांत खेळत असतां हें मूल दीर्घकाळ अंथरुणास खिळून होतें.

कहोडानें पुत्रास वांकडें केलें. या पित्यानें मात्र वांकडीं मुलें सरळ करण्याच्या विद्येचा ध्यास घेतला. १८३८ सालीं त्यांनीं बॉस्टन येथें अशा रोग्यांसाठीं रुग्णालय काढिलें. अमेरिकेंतील या प्रकारच्या अगदीं आरंभींच्या संस्थांत त्याची गणना होते. या विद्येस ऑर्थोपेडिक्स हें नांव फ्रान्समधील निकोलस आंद्री यानें १७४१ सालीं दोन ग्रीक शब्द जोडून दिलें: एकाचा अर्थ ऋजु, दुसऱ्याचा बालक. (व्युत्पत्तीचा मोह या लेखकास आवरत नाहीं, हें नेहमींचे वाचक जाणतातच.) आंद्रीच्या ग्रंथांत वांकडें झाड खुंटास दोरीनें बांधून सरळ करीत असल्याचें चित्र आहे.

मुलानें १८४४ सालीं हार्वर्डची वैद्यकीची पदवी मिळविली आणि पुढें युरोपांत जाऊन या विषयाचें अध्ययन केलें. लंडनमध्यें त्यांस विल्यम जॉन लिट्ल हे गुरु लाभले. लिट्ल यांचा स्वतःचाच एक पाय लहानपणच्या दुखण्यानें वांकडा झालेला होता. १८३६ सालीं ते जर्मनींतील हॅनोव्हर येथें स्ट्रोमायर यांजकडे गेले. स्ट्रोमायर यांनीं कातडीस बारीकसें छिद्र पाडून आंतल्या आंत टांचेवरील कंडरा छेदिली व पाय सरळ केला; भूल देण्याची युक्ति तेव्हां निघालेली नव्हती. लिट्ल ती विद्या शिकून मायदेशीं परतले. एकेकाळचा रोगी गुरु आणि एकेकाळचाच रोगी शिष्य! त्या दोघांचा पाठ कसा चालत असेल, हें पाहावयास मिळतें तर मीं माझ्या चाळीस वर्षांच्या मास्तरकीचें मोल दिलें असतें.

१८६१ पासून सुमारें एकोणीस वर्षें ब्राऊन यांनीं बॉस्टनमधील ‘हाऊस ऑफ द गुड समॅरिटन’ या धर्मार्थ रुग्णालयांत गरिबांच्या मुलांवर उपचार केले. परंतु त्यांचें नांव विशेष झालें तें एका लहान मुलीमुळें. तिच्या दोन्ही मांड्यांचे सांधे जन्मतःच निखळलेले होते. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडांतील खोबणींत बसलेला नसला, म्हणजे मूल बदकाप्रमाणें डुलत चालतें. हा विकार असाध्य आहे, असें मत पॅरिस येथील थोर शस्त्रवैद्य ड्युपुत्राँ यांनीं १८२६ सालीं देऊन ठेविलें होतें. ब्राऊन यांनीं शस्त्र हातीं धरिलें नाहीं. मुलीस निजवून तिचे पाय सतत ताणून ठेविले. एक नव्हे, दोन नव्हे, तेरा महिने! मग हळूहळू, आधार देत, तिला चालावयास शिकविलें. ही हकीकत त्यांनीं १८८५ सालीं प्रसिद्ध केली.

तेरा महिने पडून राहणें हें लहान मुलास केवढें संकट आहे, हें ज्यानें स्वतः भोगलें तोच त्या खाटेपाशीं उभा होता. तिचें रडणें त्यास निराळें ऐकूं आलें असलें पाहिजे. शिवाय त्या काळांत तिला न्हाऊं-माखूं घालणारी, उठूं न देतां रिझविणारी कोणी तरी स्त्री असेलच. घरांत दीर्घ दुखणें ज्यांनीं काढिलें आहे, त्यांस हें अधिक सांगावयास नको. पुढें याहून सुलभ रीती निघाल्या. हल्लीं नवजात अर्भकाचे सांधे तपासतात आणि दोष वेळीं कळला, तर कांहीं आठवडे पट्टे बांधून पुष्कळदां काम भागतें. म्हणजे उपाय जुना झाला. परंतु असाध्य म्हणून सोडून दिलेल्या मुलांकडे पुन्हां पाहण्यास वैद्यांस धीर आला, तो अशा उदाहरणांनीं.

ब्राऊन यांस स्वतःस समंगा कधीं भेटली नाहीं. लहानपणचें व्यंग शेवटपर्यंत राहिलें. १८९१ सालीं ते वारले. ऑर्थोपेडिक्स शिकविण्यासाठीं अध्यापकाची एक गादी हार्वर्ड येथें निघावी, म्हणून त्यांनीं द्रव्य ठेविलें होतें. १९०३ सालीं एडवर्ड ब्रॅडफर्ड हे त्या गादीवर प्रथम बसले. गादीस पितापुत्र दोघांचीं नांवें आहेत, आणि त्यांत वडिलांचें आधीं.