मातोश्रींचे माहेर

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पुस्तकांच्या कपाटात एक जाडजूड कुलवृत्तांत असतो. घराण्याचे गोत्र, कुलदैवत, मूळ गाव आणि मग पिढ्यांमागून पिढ्या मांडलेली वंशावळ असा त्याचा थाट असतो. लग्नकार्य निघाले की तो खाली उतरतो आणि कार्य आटोपले की पुन्हा वरच्या फळीवर जातो. आमच्या घरच्या कुलवृत्तांतात आमच्या मातोश्रींच्या वाट्यास दीड ओळ आली आहे: सासरचे नाव, माहेरचे नाव व आडनाव, आणि अपत्यांची संख्या. त्यांच्या माहेरच्या घराण्याचाही असा ग्रंथ छापलेला आहे. त्यात त्या कोणाच्या घरी दिल्या एवढे सांगणारी एक ओळ आहे. दोन ग्रंथ मिळून अडीच ओळी! पंच्याऐंशी वर्षांच्या आयुष्याचा हा हिशेब आम्हांला गेल्या माघापर्यंत कधी खटकला नव्हता, हे येथे कबूल केले पाहिजे.

माघात एके दिवशी मातोश्री सहज म्हणाल्या, “एकदा गाव दाखवून आणशील का रे?” आम्ही चकित झालो. त्यांचे माहेर कृष्णाकाठी, जुन्या सातारा जिल्ह्यात. १९४८ च्या फेब्रुवारीत, वयाच्या आठव्या वर्षी, त्यांनी ते गाव सोडले. त्यानंतर त्या गावाची वेस त्यांनी पाहिली नव्हती. त्या गावाविषयी आमच्या आजोळी एकच कथा सांगितली जाई. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीस महात्माजींचा खून झाला. मारेकरी पुण्याचा व ब्राह्मण, हे कळताच महाराष्ट्रात ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. सातारा जिल्ह्यात आणि कोल्हापूरच्या बाजूस खेड्यापाड्यांतून घरे जळाली. आमच्या आजोळचा चौसोपी वाडाही त्यांत गेला आणि मंडळी नेसत्या वस्त्रांनिशी पुण्यास आली. ही कथा येथे संपत असे. ‘गावाने आम्हांला जाळून बाहेर काढले’ हे वाक्य मामांच्या घरी आम्ही इतक्या वेळा ऐकले होते की, ते गाव म्हणजे आमच्या बालमनात शत्रूचा मुलूखच होऊन बसले होते.

ठरल्याप्रमाणे आम्ही पहाटे पुणे सोडले. मोटार आम्हीच चालवीत होतो व मातोश्री शेजारी बसल्या होत्या. मोटारीच्या प्रवासाला एक सोय आहे, ती माजघरात नसते. दोघांचीही नजर समोरच्या रस्त्यावर असते. एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, म्हणून अवघड प्रश्न विचारता येतो. आणि उत्तर देणाराही वाटेल तितका वेळ गप्प राहू शकतो. कात्रज ओलांडून खेड-शिवापूर मागे पडेपर्यंत मातोश्री झाडांची नावे सांगत होत्या. नीरेचा पूल आला तेव्हा त्यांनी हात जोडले. “ही ओलांडली की आमचा जिल्हा,” एवढे म्हणून त्या थांबल्या. खंबाटकीचा घाट चढत असता आम्ही विचारले, “आई, त्या रात्री तुम्ही होता कुठे?”

हा प्रश्न इतक्या वर्षांत आम्ही कधीच कसा विचारला नाही, याचे आमचे आम्हांलाच आश्चर्य वाटते. घर जळाले तेव्हा घरातली मुले कोठे होती, हा किती साधा प्रश्न!

मातोश्री म्हणाल्या, “आक्काच्या माळ्यावर.”

आक्का म्हणजे त्यांच्या जमिनीच्या कुळाची बायको. त्या दिवशी मातोश्रींच्या घरीही चूल पेटली नव्हती. घरात सुतकच होते. तिन्हीसांजेला गलका ऐकू येऊ लागला, तेव्हा पुरुषमंडळी उसाच्या फडात गेली. आक्का मागल्या दाराने आली आणि आजी, आई, काकू व तीन मुले यांना आपल्या घरी घेऊन गेली. माळ्यावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. त्यांच्या आड सगळ्यांना बसविले आणि स्वतः ती उंबऱ्यात सूप घेऊन ज्वारी पाखडीत बसली. दोनदा माणसे दारापर्यंत आली. “हितं कोन न्हाई,” एवढेच ती म्हणाली, आणि हातातले सूप तिने थांबविले नाही.

“माळ्याला झरोका होता,” मातोश्री पुढे सांगू लागल्या. “त्यातून आमचा वाडा दिसायचा. जाळ एवढा होता की माणसांची तोंडं ओळखू येत होती. पुष्कळशी परगावची होती. पण पलिता घेतलेल्यांत आक्काचा नवरा होता.”

आम्ही मोटार थोडी हळू केली. मातोश्री समोर पाहत होत्या.

“तो उत्तररात्री घरी आला. आक्कानं त्याच्या हातावर ऊन पाणी घातलं. रॉकेलचा वास वर माळ्यापर्यंत येत होता. ती त्याला काही बोलली नाही. त्यानं एकदा वर पाहिलं. त्याला कळलं होतं, आम्ही आहोत म्हणून. थोडा वेळ तसाच बसला, आणि मग उठून त्यानंच गाडी जुंपली. उजाडायच्या आत त्यानं आम्हांला स्टेशनावर नेऊन सोडलं. वाटेत कोणी कोणाशी बोललं नाही.”

सातारा मागे पडला व अजिंक्यतारा दिसेनासा झाला, तरी आमच्याने काही बोलवेना. तेव्हा मातोश्रींनीच पुढला भाग सांगितला. आणि तो आम्हांला पहिल्याहूनही नवीन होता.

मुंबई सरकारचा कूळकायदा १९४८ सालचाच. पुढे त्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषिदिन, या तारखेपासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले व किंमत हप्त्यांनी फेडण्याची सोय झाली. परंतु आपल्याला जमीन स्वतः कसावयाची आहे, असा अर्ज ठरलेल्या मुदतीत करण्याची मुभा मालकालाही होती. मातोश्रींच्या काकांचे म्हणणे, अर्ज केलाच पाहिजे: ज्याने घर जाळले त्यालाच जमीन द्यावयाची काय? आजोबांनी मुदत टळू दिली. काकांनी जाब विचारला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “जमीन त्याला दिली नाही. तिला दिली.” त्या दिवसापासून दोघा भावांत बोलणे राहिले नाही. पुण्यात दोन गल्ल्यांच्या अंतरावर दोन बिऱ्हाडे, पण एका घरचे श्राद्धपक्ष दुसऱ्या घरी कळेनासे झाले. तो दुरावा पुढल्या पिढ्यांनीही चालविला. कारण काय ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. आमचा समज असा की, दागिन्यांवरून काही बिनसले असावे!

“आणि घेवडा आठवतो का तुला?” मातोश्रींनी विचारले. न आठवून कसे चालेल? दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास आजोळी वाघ्या घेवड्याची एक पिशवी येत असे. कोठून आली, असे विचारले तर आजी म्हणत, “मंडईतून.” ती आक्काकडून येई. जमिनीची किंमत हप्त्यांनी फिटल्यावरही ती पिशवी कित्येक वर्षे येत राहिली.

गावात पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. शाळूची काढणी चालली होती. वाड्याच्या जागी आता पतसंस्थेची पक्की इमारत आहे. तिच्या मागल्या अंगास जुन्या जोत्याचे चार घडीव दगड आणि बुजविलेला आड तेवढा राहिला आहे. मातोश्रींनी त्या दगडाला हात लावला. डोळ्यांत पाणी वगैरे आले नाही. “स्वयंपाकघर इकडे,” एवढे सांगून त्या आक्काच्या घराकडे वळल्या. ते घर त्यांना विचारावे लागले नाही.

आक्का आणि तिचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. नातू पन्नाशीचा आहे. नाव सांगताच त्याने मातोश्रींच्या पायांवर डोके ठेवले. “आत्या, आमची आजी मरस्तोवर तुमच्याबद्दल बोलायची. माळा दावू का?” घर पुष्कळसे नवीन झाले आहे, परंतु तो माळा त्यांनी मोडलेला नाही. पोरांना जिन्याशी नेऊन ही गोष्ट सांगावयाची, अशी त्या घरची रीत आहे. त्यांच्या कथेत आजीने बामणाची पोरे वाचविली, आजोबाने रातोरात गाडी जुंपली आणि त्यांना स्टेशनावर पोहोचविले. पलित्याचे नाव त्यात नाही.

आम्ही मातोश्रींकडे पाहिले. त्या नातवाला म्हणाल्या, “हो, त्यांनीच सोडलं आम्हांला स्टेशनावर. मला चांगलं आठवतं.”

निघावयाच्या वेळी घरातली सून ओटीचे ताट घेऊन आली. आमच्या वडिलांना जाऊन बारा वर्षे झाली आहेत, मातोश्री मागे सरून म्हणाल्या, “अगं, मला ओटी चालत नाही.” ती बाई हसून म्हणाली, “म्हायेरवाशीण ती म्हायेरवाशीण. रिकामी कशी जाईल?” आणि तिने तांदूळ, नारळ व खण पदरात घातलाच. जन्मभर सोवळेओवळे सांभाळलेल्या आमच्या मातोश्रींनी पदर पुढे केला. मोटारीत मागल्या बाजूस कोणी तरी घेवड्याची पिशवीही ठेवली होती, ती आम्हांला पुण्यास आल्यावर सापडली.

परतीच्या वाटेवर आम्ही विचारले, “आई, त्या नातवाला खरे का सांगितले नाही?” त्यांचे उत्तर असे, “मी खोटं कुठं सांगितलं? आणि उरलेलं ऐकून त्यानं करायचं काय? पण तू लिहून ठेव. आपल्या घरात अर्धंच सांगत आलेत. गावाचं नाव मात्र घालू नकोस.” म्हणून ते येथेही घातलेले नाही.

वाचकहो, या प्रवासाने आमची एक समजूत पार बदलली. घर जाळले गेले हे खरे आहे. तो अन्याय होता, आणि त्याला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. परंतु आमच्या घराने अन्याय तेवढा पुढल्या पिढीला दिला आणि उपकार गिळला. त्यांच्या घराने उपकार सांगितला आणि अपराध गिळला. दोन्ही घरांत कोणी खोटे बोलले नाही, तरीही दोन्ही घरांतील मुले अर्ध्याच गोष्टीवर वाढली. आमच्याकडे तर त्या अर्ध्या गोष्टीची किंमत दोन सख्ख्या भावांच्या घरांनी भरली. ही गोष्ट पुरी सांगू शकणारे माणूस आमच्या स्वयंपाकघरात रोज भाजी निवडीत बसत होते. त्यांना विचारावयास मात्र आम्हांला खंबाटकीचा घाट लागला.

आपल्या घरीही असे कोणी असेल. त्यांना प्रवास झेपत असेल तर घेऊन निघावे. नसेल तर त्यांच्या शेजारी बसून शेंगा सोलाव्यात आणि विचारावे. मूळ पुरुष कोण व गोत्र कोणते, हे ग्रंथात सापडेल. त्या रात्री मुले कोठे होती, हे ग्रंथात सापडणार नाही.

मातोश्रींनी सांगितलेला मजकूर चार कागदांवर उतरवून आम्ही तो दोन्ही कुलवृत्तांतांत घालून ठेवला आहे. त्याची एक प्रत, वाटीभर घेवड्यासह, मातोश्रींच्या काकांच्या नातवाकडे पाठविली. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. मातोश्री रोज एकदा विचारतात.