यादीच्या तळाशी जागा करा

मा. महाव्यवस्थापक, बेस्ट उपक्रम,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
आणि बेस्टमधल्या सर्व कामगार संघटनांचे पदाधिकारी, यांस



तिघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे. भाडेतत्त्वावरच्या बसचा विषय निघाला की तुम्ही तिघंही एकमेकांकडे बोट दाखवता, म्हणून.

काळाचौकीत आमच्या अभ्युदय नगरच्या थांब्यावर भाड्याची बस येते. रंग लाल, नाव बेस्टचं, तिकीटही बेस्टचं. कंडक्टर बेस्टच्या पटावर, ड्रायव्हर ठेकेदाराच्या. दोघं एकाच टपरीवर अर्धा अर्धा कटिंग घेतात, एकाच ट्रॅफिकमध्ये तासतासभर अडकतात. एकाला पगारी रजा, ग्रॅच्युइटी, बढतीची वाट. दुसऱ्याला ठेका चालू असेपर्यंत नोकरी. ऑगस्ट 2023 मध्ये हे कंत्राटी ड्रायव्हर आठवडाभर संपावर गेले, तेव्हा समान पगाराबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली होती: बेस्टच्या बसमधून मोफत प्रवास. दिवसभर बेस्टची बस हाकायची आणि ड्युटी सुटल्यावर घरी जाताना त्याच बसचं तिकीट काढायचं! ही मागणी करावी लागली, यातच सगळं आलं.

आधी संघटनांशी बोलतो, कारण तुमच्याकडून अपेक्षा जास्त आहे.

2007 नंतर बेस्टमध्ये लागलेल्यांची मूळ वेतनश्रेणी आधीच्यांपेक्षा खाली ठेवली गेली. काम तेच, पगाराचा पाया वेगळा. जानेवारी 2019 मधला नऊ दिवसांचा संप या ज्युनिअर ग्रेडच्या लोकांसाठीही होता. आम्ही पायपीट केली, शेअर टॅक्सीला जादा पैसे मोजले, पण काळाचौकीत त्या संपाला फारसं कुणी शिव्या घातल्या नाहीत. संप काय असतो ते इथे घराघरात ठाऊक आहे. पुढे जून महिन्यात करार झाला. महापालिका पैसे देणार, बेस्टने स्वतःच्या 3337 बस राखायच्या आणि वाढीव गाड्या भाड्याने घ्यायच्या. जुलैत किमान भाडं 5 रुपयांवर आलं, आम्ही खूश. तुम्हीही खूश होतात, कारण 3337 हा आकडा कागदावर आला होता. आज स्वतःच्या बस काही शेकड्यांवर आल्या आहेत आणि मे 2025 पासून किमान भाडं 10 रुपये झालं आहे. एका हाताने ज्युनिअर ग्रेडची भिंत पाडलीत आणि दुसऱ्या हाताने त्याहून उंच भिंत बांधायला सही दिलीत. भाड्याच्या बसवरचा ड्रायव्हर कोणत्या ज्येष्ठता यादीत बसणार, हा प्रश्न त्या करारात विचारलाच गेला नाही.

हा प्रश्न न विचारल्याने काय होतं ते विमानवाल्यांना विचारा. भाड्याच्या गाडीची ही पद्धत त्यांच्याकडेही आहे. अमेरिकेत मोठ्या विमान कंपन्यांनी लहान जेट विमानं दुय्यम कंपन्यांकडून उडवून घ्यायला सुरुवात केली. विमानावर नाव मोठ्या कंपनीचं, वैमानिक कमी पगाराचा. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांनी करारात अटी घातल्या, की अमुक आसनांपेक्षा मोठी विमानं बाहेर द्यायची नाहीत, आणि वाटलं की आपण सुरक्षित झालो. 2000 च्या सुमारास डेल्टा या मोठ्या कंपनीच्या कॉमेअर आणि अटलांटिक साउथईस्ट या उपकंपन्यांचे वैमानिक म्हणाले, डेल्टाची आणि आमची ज्येष्ठता यादी एकच करा. युनियन दोन्हीकडची एकच होती, तरी मागणी फेटाळली गेली आणि उपकंपन्यांचे वैमानिक स्वतःच्याच युनियनविरुद्ध कोर्टात गेले. 2012 मध्ये कॉमेअर बंद पडली. त्याआधी फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कॉन्टिनेन्टलचं नाव लावलेलं, पण कोलगन एअर या दुय्यम कंपनीने चालवलेलं विमान कोसळून 50 माणसं गेली. तिथल्या वैमानिकांचा तुटपुंजा पगार, थकवा आणि प्रशिक्षण यांची चर्चा त्यानंतर झाली, आधी नाही.

आपल्याकडे 9 डिसेंबर 2024 ची कुर्ल्याची रात्र. बसवर बेस्टचं नाव, बस भाड्याची, ड्रायव्हर कंत्राटी, आणि विजेवरची मोठी बस चालवण्याचं त्याचं प्रशिक्षण जेमतेम तीन दिवसांचं, असं तेव्हा छापून आलं. त्या बसखाली माणसं चिरडली, चाळीसहून अधिक जखमी झाली. ज्येष्ठता यादीकडे आपण बढतीचा कागद म्हणून बघतो. पण कोण कुठल्या गाडीवर किती वर्षं बसला, कोणत्या आगारात घडला, कुणाच्या हाताखाली शिकला, याची नोंद त्या यादीतल्या नावाशी जोडलेली असते. ठेकेदार बदलला की ही नोंद त्याच्याबरोबर जाते. तोटा होतो म्हणून ठेकेदार मिनीबस घेऊन निघून गेलेले आपण पाहिलेत. त्या गाड्यांवरचे ड्रायव्हर दुसऱ्या ठेकेदाराकडे गेले, तर तिथे पहिल्या दिवसाचे नवखे ठरतात.

आता संघटना म्हणतील, भाड्याच्या ड्रायव्हरला यादीत घेतलं तर आमच्या जुन्या माणसांवर अन्याय होईल. भीती खरी आहे. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 मध्ये एक झाल्या, पण याद्या मनाने एक झाल्याच नाहीत. 2012 च्या मे महिन्यात ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना का, यावरून एअर इंडियाचे वैमानिक 58 दिवस संपावर राहिले. युनियनची मान्यता गेली, शंभरच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले. पण ते भांडण यादीच्या डोक्यावर होतं, कोण कोणाच्या वर. मी यादीच्या तळाबद्दल बोलतो आहे. आजच्या शेवटच्या कायम कर्मचाऱ्याच्या खाली कंत्राटी ड्रायव्हरांची नावं लिहा, पहिल्यांदा बेस्टची बस चालवली त्या तारखेच्या क्रमाने. कुणाचाही नंबर एकानेही खाली जात नाही. उलट यादीला खालून माणसं मिळाली नाहीत, तर दरवर्षी निवृत्तीने ती आखूड होत जाणार आणि तुमच्या युनियनची वर्गणीही तिच्याबरोबर.

यादीची ही किंमत काळाचौकीला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. इथल्या गिरण्यांत बदली कामगार असायचे. पहाटे फाटकावर उभं राहायचं, कुणी कायम कामगार आला नाही तर आत बोलावणं, नाहीतर घरी परत. पण त्या बदलीवाल्याकडेही कार्ड असायचं आणि गिरणीच्या रजिस्टरात त्याचं नाव असायचं. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती, आणि ती करणाऱ्यांत कायम कामगारही होते. तेव्हाच मालक भिवंडीच्या मागांवर कापड विणून घ्यायचे आणि त्यावर गिरणीचा छाप मारायचे. छाप गिरणीचा आणि हात कुणाचे, हे आम्ही तेव्हाच पाहिलं. आयुक्तसाहेब, तुमच्या महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय आमच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर उभं राहतंय. तिथे एखादं बदली कार्ड काचेत ठेवाल, तर त्याच्याखाली एवढं लिहा की 1982 सालच्या गिरणी मालकाकडेही बदलीवाल्याची नोंद असायची.

मागणी मोठी नाही. भाड्याच्या बसवर बसणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरचं नाव, पहिल्या ड्युटीची तारीख आणि प्रशिक्षणाचे दिवस बेस्टने स्वतःच्या रजिस्टरात लिहावेत, ठेकेदाराच्या नव्हे. ठेका बदलला तरी तो माणूस त्याच क्रमांकावर राहावा आणि नव्या ठेकेदाराला आधी याच यादीतून माणसं घेण्याची अट निविदेत असावी. बेस्ट स्वतः भरती करेल तेव्हा पहिला हक्क याच यादीचा. ड्युटीवर असो नसो, त्याला बसचा पास द्या, त्यासाठी समिती नेमायची गरज नाही.

संघटनांनी या ड्रायव्हरांना पूर्ण सभासदत्व द्यावं, मताच्या अधिकारासकट. त्यांचा मोर्चा आझाद मैदानावर निघाला की पाठिंब्याचं पत्रक काढायचं आणि निवडणुकीत त्यांना मोजायचंच नाही, हे पुरे झालं.

पुढची निविदा निघण्याआधी तुमचं उत्तर यावं. निघाल्यानंतरचं उत्तर ठेकेदाराच्या वकिलाकडून येतं, त्याची आम्हाला सवय आहे.

आपला,
काळाचौकीतला एक बेस्टचा प्रवासी