चिठ्ठीत शंकरपाळे नसतात!

मुलांनो, समजा तुम्ही शाळेतून घरी आलात. आई कामावर गेली आहे. टेबलावर तिची चिठ्ठी : 'शंकरपाळ्यांचा डबा फडताळात, वरच्या कप्प्यात.' मग काय, स्टूल ओढायचं, डबा काढायचा आणि बसायचं खात! आता सांगा बरं, टेबलावर काय होतं? शंकरपाळे? छे! टेबलावर होता फक्त त्यांचा पत्ता.

कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर आपण जो 'शॉर्टकट' करतो ना, तो म्हणजे अगदी हीच चिठ्ठी. आणि डेस्कटॉप म्हणजे तरी काय? टेबलाची वरची बाजूच की! कागद, फाइली, फोल्डर टेबलावर मांडल्यासारखे पडद्यावर दाखवायचे, ही कल्पना घेऊन १९८१ साली 'स्टार' नावाचा कॉम्प्युटर बाजारात आला. तो कोणी काढला होता, ठाऊक आहे? झेरॉक्स कंपनीने. हो, हो, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आपण जिच्या नावाने कागदाची प्रत मागतो, तीच ही! विंडोजच्या टेबलावर अशा चिठ्ठ्या ठेवायची सोय झाली ती १९९५ साली, विंडोज ९५ मध्ये.

चिठ्ठी लिहायची कशी? सोपं आहे. हव्या त्या फाइलवर किंवा फोल्डरवर माऊसचं उजवं बटण दाबा. यादी उघडेल, त्यात 'सेंड टू' आणि त्याच्या आत 'डेस्कटॉप'. संपलं! विंडोज ११ असेल तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स' म्हणावं लागतं, मग 'सेंड टू' दिसतं. डेस्कटॉपवर नवं चित्र येतं. ते नीट बघा. डाव्या कोपऱ्यात खाली एक छोटासा वाकडा बाण आहे ना? तो बाण म्हणतो, 'मी चिठ्ठी आहे, माल दुसरीकडे आहे.' या बाणाकडे कुणाचं लक्षच जात नाही. माझ्या भाचीचंही गेलं नाही.

ती तेव्हा नववीत होती. शाळेत घरातल्या जुन्या गाण्यांवर प्रकल्प होता. तिच्या आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्या मोबाइलवर घेऊन कॉम्प्युटरवर ठेवल्या होत्या. फोल्डर होता चांगला पाच पायऱ्या आत. रोज तिथवर जायचा कंटाळा, म्हणून तिने डेस्कटॉपवर शॉर्टकट केला. शाबास! शॉर्टकट त्यासाठीच असतो. पण प्रकल्पाच्या आदल्या दिवशी तिने तोच बाणवाला फोल्डर पेन ड्राइव्हमध्ये कॉपी केला. हुशार मुलगी, पेन ड्राइव्हवरून उघडूनही पाहिला. उघडला!

घरीच उघडणार, बरं का. चिठ्ठीतला पत्ता त्याच घरातला होता ना! पण तुम्ही शंकरपाळ्यांऐवजी ती चिठ्ठीच डब्यात घालून शाळेत नेली तर मधल्या सुट्टीत काय खाल? शाळेच्या कॉम्प्युटरवर ते फडताळ कुठून असणार?

इथवर झालं असतं तर फार तर मार्क गेले असते. पण डिस्क भरल्याची सूचना आली म्हणून तिने त्याच रात्री तो पाच पायऱ्या आतला फोल्डर पुसून टाकला होता. 'डेस्कटॉपवर आहे, पेन ड्राइव्हमध्ये आहे, मग तिसरा कशाला?' दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला फोन. "मामा, तीन ठिकाणी होतं रे, आता एकाही ठिकाणी उघडत नाही."

तिची आजी म्हणजे माझी आई. ती जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

मी विचारलं, "रिसायकल बिन रिकामी केलीस का?" नव्हती केली. पण करणारच होती, कारण पुसूनही डिस्कवर जागा होईना. होणार कशी? बिनमध्ये टाकलेली वस्तू डिस्कवरची जागा अडवूनच बसलेली असते. फोल्डरवर उजवं बटण, 'रिस्टोअर', आणि फोल्डर आपल्या जुन्या जागी परत. तिने फोनवरच मला एक ओवी ऐकवली. मी काही बोललो नाही.

आता तुमच्या कामाचं. डेस्कटॉप आवरायला बसलात तर बाण असलेली चित्रं बेलाशक पुसा. चिठ्ठी फाडल्याने डबा रिकामा होत नाही. (गेमचं चित्र पुसलं की गेम गेला असं समजणाऱ्या बाबांना हे आपणहून सांगायची गरज नाही!) बाण नसलेली फाइल किंवा फोल्डर मात्र खुद्द डबाच आहे, तिथे हात जपून. फाइल दुसऱ्याला द्यायची तर शॉर्टकटवर उजवं बटण दाबून 'ओपन फाइल लोकेशन' म्हणा. खरी वस्तू समोर येईल, ती कॉपी करा. शंका असेल तर 'प्रॉपर्टीज'मध्ये आकार बघा. शॉर्टकट जेमतेम एकदोन केबीचा असतो. तेवढ्यात तेवीस ओव्या मावतील का? आणि पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जातच नाही, शिफ्ट दाबून डिलीट केलेलीही नाही. तिथे मामाला फोन करूनही उपयोग नाही.

कधी पेन ड्राइव्ह बाहेरच्या दुकानात लावून आणल्यावर आतल्या सगळ्या फोल्डरांवर अचानक बाण दिसू लागले, तर त्यांवर क्लिक करू नका. काही व्हायरस खऱ्या वस्तू लपवून त्यांच्याच नावाच्या चिठ्ठ्या ठेवतात, आणि त्या चिठ्ठीवरचा पत्ता व्हायरसचा असतो. मोठ्या माणसांना सांगून आधी अँटिव्हायरस चालवा.

भाचीने ओव्यांची खरी प्रत आता दोन ठिकाणी ठेवली आहे : एक कॉम्प्युटरवर, एक माझ्याकडे. डेस्कटॉपवर शॉर्टकटही आहेच. त्याचं नाव बदलून तिने ठेवलंय, 'आजी – चिठ्ठी'.